आबा फोन कट करतात

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या अँटेना आकाशातलं ऐकतात. मी पुण्यात बसून खोडदच्या विहिरींवरचं ऐकते. माझ्या कामाला रुबाब थोडा कमी, एवढंच.

मोटारीच्या स्टार्टरला आमची एक डबी बसवलेली असते. मोटारीला लागणारी थ्री फेज लाइट वेळी-अवेळी येते; आली की डबी डेटाबेसमध्ये नोंद टाकते. नोंद पडताच तिची वर्दी निघते, वर्दीसरशी माझं फंक्शन, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्राम, जागं होतं, शेतकऱ्याला फोन लावून निरोप ऐकवतं आणि परत गुडूप झोपतं. त्याच्यासाठी सर्व्हर दिवसभर चालू ठेवावा लागत नाही. हाकेला येणारा आणि काम झाल्यावर चहाला न रेंगाळणारा असा गडी आमच्या मळ्यात कधी मिळाला नाही.

निरोपाचा आवाज माझा. ऑफिसातल्या सगळ्यांनी बोलून पाहिलं, पण ते ऐकून शेतकऱ्याला बँकेचा फोन वाटला असता. मी आपलं घरच्यासारखं बोलले, "राम राम. लाइट आली बरं का. मोटार चालू करा, उसाच्या कडेनं जपून जा, बिबट्या असतो."

कांद्याच्या दिवसांत तक्रारी आल्या: लाइट येऊन जाते तरी फोन येत नाही. वर्द्या रांगेनं येतात. पुढच्या वर्दीचं काम फसलं, म्हणजे निरोप पुरता ऐकवून झाला नाही, की फंक्शन तिलाच पुन्हा पुन्हा उचलतं आणि मागच्या ताटकळतात. शोधलं, तर फसणारी वर्दी दर वेळी एकाच नंबरची. नंबर माझ्या वडिलांचा, आबांचा.

डबी बिघडली असेल म्हणून शेजारच्या मळ्यातल्या काकांना विचारलं, तर ते हसतच सुटले. आबा म्हणे बांधावर फोन धरून बसतात आणि निरोप संपायच्या आत कट करतात.

"कट केला की पोरगी परत बोलती, म्हनतो. लई खूश आसतो. आमचं कांदं वाळंना का."

"आणि फोनवर काही बोलतात?"

"बोलतो की. 'व्हय बाई, निघालोच' म्हनतो, मंग कट."

हे मी ऑफिसात नक्कल करून सांगितलं, सगळे पोट धरून हसले. जागेवर आले आणि फोनच्या नोंदींत ते 'व्हय बाई' शोधत बसले. फंक्शनला बोलता येतं, ऐकता येत नाही. नोंदीत नुसतं 'अपूर्ण' लिहिलेलं.

लोकांचे कांदे वाळत होते. फोन एकदा उचलला की काम झालं, परत लावायचा नाही, अशी अट मी घातली. चार ओळींचं काम, पण दुपार गेली. संध्याकाळी स्वतः आबांना फोन लावला. उचलला, पण पलीकडे शांत. निरोपाची वाट बघत होते.

"आबा, मी आहे. खरीखुरी."



"मंग बोल की," ते म्हणाले. "न्हाई कापत."

एरवी माझी टकळी थांबत नाही.  त्यांच्या मागं मोटारीचं पाणी पडत होतं, मी तेच ऐकत राहिले.