पांढऱ्या शेवंतीतला फोटो

आमच्या पूर्णा गावात जपान दिवस साजरा झाला, त्या दिवशी माझ्या मुलीचा आवाज ऐकून मला एकोणीस दिवस झाले होते. हे वस्तीत नवऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी कुणाला कळूच दिलं नव्हतं.

मुलगी जपानला एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला गेलेली. आमच्या वस्तीतून परदेशी गेलेली पहिली पोर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, नवरा रेल्वेत. ती निघाली तेव्हा स्टेशनवर निम्मी वस्ती लोटली होती. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि खोटं कशाला बोलू, मीही खुशाल चढले.

शेवटच्या फोनवर ती रडत होती. "आई, मला न्हाई जमायलं इथं. मला घरी यायचंय."

नेमकं त्याच आठवड्यात विहार समितीत ठरलं होतं. जपानहून पंधराएक उपासक आमच्या विहारात येणार होते, त्यांच्यासाठी जपान दिवस करायचा आणि मांडवात माझ्या मुलीचा फोटो ठेवायचा. मी तिला म्हणाले, "गावभर झालंय तुझं. फोटो लागायलाय तुझा. आता परत आलीस तर मी तोंड कुठं दाखवू?"

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर काही नाही. आधी फोन वाजायचा, मग बंदच लागायला लागला. तिला तिकडं पाठवणाऱ्या एजन्सीचे लोक 'बघतो' म्हणायचे आणि बघायचे नाहीत. वृद्धाश्रमाचा नंबर माझ्याकडे एका कागदावर होता. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी तो लावला. पलीकडून एक बाई मंजुळ आवाजात जपानीत बोलली. मी मुलीचं नाव घेतलं, दोनदा, तीनदा. तिनं परत तसंच मंजुळ काहीतरी म्हणून फोन ठेवून दिला. सातव्या दिवशीही तेच, बाराव्या दिवशीही तेच. नवरा म्हणायचा, "कामात असंल ती. लय मनाला लावून घेऊ नको." आणि स्वतः पहाटे उठून अंगणात फेऱ्या मारायचा.

म्हणून मी जपान दिवसासाठी राबले. समितीला वाटलं, बाईंना केवढा उत्साह! मला फक्त जपानी बोलणारं एक माणूस हवं होतं.

काय काय केलं नाही आम्ही! बाभळीची फांदी आणून तिला जपानातल्या चेरीच्या बहरासारखी गुलाबी क्रेप कागदाची फुलं बांधली, बोटांना काटे टोचले ते वेगळेच. जुन्या नायलॉनच्या साड्यांचे किमोनो शिवले. जपानी पद्धतीचे भाताचे गोळे करायला घेतले, तर आपला मोकळा भात काही केल्या वळेना. शेवटी शेजारणीनं त्यात बेसन घालून तळून काढले. कागदी पक्षी करताना माझ्या डोक्यात एकच चाललेलं, की पाहुण्यांपैकी कुणाला गाठायचं आणि काय सांगायचं.

फोटो मी मोठा करून घेतला. फ्रेमवाल्याकडे त्या मापाची काळीच फ्रेम होती. बुद्धमूर्तीसमोरच्या टेबलावर पांढरी चादर घातली आणि मूर्तीच्या एक पायरी खाली फोटो ठेवला. एका मुलीनं कौतुकानं हार आणला, तशी शेजारीण तिच्या अंगावर ओरडली, "आगं, जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नसतेत!" मी झटकन हार बाजूला ठेवला आणि दोन्हीकडे फुलदाण्यांत पांढरी शेवंती ठेवली. आमच्यात पांढरं म्हणजे मंगल. लग्नातसुद्धा आम्ही पांढरंच नेसतो. पुढे मेणबत्त्या आणि अगरबत्ती लावली. अपशकुन टळला म्हणून मीच मनाशी हुश्श केलं.

पाहुणे अकराला आले. त्यांच्यात पासष्टीची एक बाई होती, बारीक चणीची. मूर्तीपुढे वंदन करून ती उठली आणि माझ्या मुलीच्या फोटोसमोर थबकली. मग गुडघ्यांवर बसली. अगरबत्ती लावली, हात जोडले, डोळे मिटले आणि बराच वेळ वाकून राहिली. उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "ही आई" असं कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि हळूहळू काहीतरी बोलली.

त्यांच्याबरोबर नागपूरचे एक दुभाषी गृहस्थ होते. ते खाली मान घालून म्हणाले, "त्या म्हणतात, फार लहान वयात गेली. तुमच्या दुःखात त्या सहभागी आहेत."

मी त्या बाईचे खांदे धरून गदागदा हलवले. "कधी? कधी गेली माझी पोर? तुमाला कुणी सांगितलं?" मला एवढंच कळत होतं की जपानच्या माणसाला ठाऊक आहे आणि मला नाही. नवरा मांडवाच्या खांबाला धरून खाली बसला.

दुभाषी गोंधळले. बाईशी बोलले, आमच्याशी बोलले. मग सगळा उलगडा झाला. काळी फ्रेम, दोन्हीकडे पांढरी शेवंती, समोर अगरबत्ती. जपानमध्ये अशी मांडणी मेलेल्या माणसाच्या फोटोभोवती करतात. त्या जपानी बाईंना माझ्या मुलीचं काहीच ठाऊक नव्हतं. सगळा मांडव हसला, बायकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मला हसू आलं नाही. तिला ठाऊक नव्हतं म्हणजे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी कनवटीचा कागद काढून तिच्या हातात दिला. आता लाज कसली आणि गाव कसलं! भर मांडवात सगळं सांगितलं, मी काय बोलले होते तेसुद्धा. दुभाषी तिला सांगत गेले. तिनं तिथंच आपल्या मोबाइलवरून नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

तोच मंजुळ आवाज. मग थांबायला सांगितलं. मग माझी मुलगी.

जिवंत होती. जपानीत बोलत होती, भराभर, मध्येच नाक ओढत. माझ्या पोटच्या पोरीचा एक शब्द मला कळत नव्हता. मी ओरडले, "बाळा, मी हाय, आई!" ती बाईंनाच अजून एक वाक्य बोलली आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?"

"ठीक आहे म्हणाली. काम जमतंय म्हणाली."

"अन् शेवटी? शेवटी काय म्हणाली?"

दुभाष्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "विचारत होती, आईनं माझा फोटो लावला का."

मी टेबलावरून फोटो ओढला, फुलदाणी कलंडून पाणी चादरीवर सांडलं. "सांगा तिला, काढला म्हणून. ये म्हणावं. आत्ता निघून ये."

बाईंनी परत नंबर लावला. परत तोच मंजुळ आवाज, सातव्या-बाराव्या दिवशीचे तेच शब्द, आणि आता मला पहिल्यांदाच त्याचा अर्थ कुणीतरी सांगितला. मुलगी कामावर आहे, पण फोनवर यायचं नाही असं ती म्हणते.