तिसरी तारीख

बाबा मला सोडायला विमानतळावर आले नाहीत. म्हापशाच्या बसस्टँडपर्यंत आले. गाडीतून उतरले, मागच्या काचेतून आत वाकले, माझ्या मांडीवरच्या कागदपत्रांच्या फाइलची नाडी नीट बांधलेली आहे ना ते बोटाने ओढून पाहिलं आणि म्हणाले, "पावल्यार फोन कर गो."

शुक्रवार होता. बाजाराच्या बायका टोपल्या उतरवत होत्या. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, त्यामुळे त्या बायका, मिरच्यांचे ढीग, मातीची मडकी, सगळं जमिनीपासून वीतभर वर तरंगतंय असं वाटत होतं. त्या सगळ्यातून बाबा छत्री काखेत धरून चालत गेले आणि एका बसमध्ये चढले. त्यांची बस माझ्या वाटेच्या उलट्या दिशेला जाणारी होती. आई समोर बघत राहिली. गाडी दादा चालवत होता. त्याने कारण नसताना दोनदा हॉर्न वाजवला.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलात त्यांच्याकडे निरोपाची एखादी आठवण असेलच, कुणीतरी हात हलवतानाची. माझ्याकडे पाठ आहे. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात येऊन मला आता काही वर्षं झाली. इथे उन्हाळ्यात संध्याकाळ संपतच नाही. लॅबमधून सुटून नदीकाठाने चालताना उजेड इतका पातळ आणि लांबट असतो की वेळ कुठेतरी अडकून पडली आहे असं वाटतं. अशा वेळी ती पाठ पुन्हा दिसते. बरेच महिने ती दिसली की राग यायचा.

बाबा मामलेदार होते. आमच्या पेडण्याच्या घरी या शब्दाला फार वजन होतं. गोवा मुक्तीच्या वेळी ते पहिलीत होते. आजोबा पोर्तुगीज अंमलदारापुढे उन्हात उभे राहायचे, आणि त्यांचा मुलगा पुढे तशाच एका टेबलामागे बसला. बाबा हे कधी बोलून दाखवत नसत, पण कचेरीला ते देवळात जावं तसे जायचे. आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि ठीक दहाला खुर्चीत. लाच नाही, ओळख नाही, उशीर नाही. या तीन गोष्टींवर त्यांनी सगळी नोकरी केली.

निवृत्त झाल्यावर ते वह्या लिहू लागले. रविवारी दुपारी सोप्यावर कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसायचे, आणि मी त्यांचं अक्षर बघून लॅपटॉपवर उतरवायचे. मी म्हापशाच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, पण मराठी वाचताना मी एकेका अक्षरावर थांबायचे. माझी मराठी त्या वह्यांतून आली. 'सबब' आणि 'उपरोक्त' हे शब्द मला 'चांदणं'च्या आधी लिहिता आले.

त्यांत काय काय होतं! कचेरीच्या खिडक्या इतक्या खाली का, की प्रत्येक माणसाला वाकूनच बोलावं लागतं. ज्या गावात इंग्रजी वाचणारं एकच घर आहे, तिथे नोटीस इंग्रजीत का जाते. आपल्या कायद्यात मुलींना मुलांइतकाच वाटा आहे, मग लग्नाच्या आदल्या महिन्यात भाऊ त्यांना वाटा सोडल्याची सही करायला घेऊन येतात तेव्हा त्या मुली टेबलाकडे का बघत राहतात. खाणी बंद पडल्यावर ट्रक दारात उभे राहतात आणि पुरुष दुपारी झोपू लागतात, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची. सरकार वाईट नसतं, असं त्यांनी एका ठिकाणी लिहिलं होतं. ते ऐकू येण्याच्या अंतरावर नसतं, एवढंच.

मी टाइप करायचे आणि गप्प बसायचे. कौतुक करायला मला जमत नाही. त्यांनाही ते ऐकायला जमत नसे.

लोकांना कळलं की निवृत्त साहेब अर्ज फुकट लिहून देतात. मग लोक येऊ लागले. लाटंबार्शाहून मामाकडची माणसं यायची, काजूची पिशवी आणायची आणि बाबा ती परत द्यायचे. एकदा एक बाई आल्या. पार्वती गवस. माहेर पलीकडे सिंधुदुर्गात, लग्न होऊन इकडे आलेल्या, नवरा खाणीच्या ट्रकवर होता तो वारलेला. गावाचं आणि कचेरीचं नाव मी लिहीत नाही. घर त्यांचं आहे, आणि त्यांना त्यात शांतपणे राहायचं आहे.

त्या मुंडकार. म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या जागेत सासऱ्यापासून घर करून राहिलेल्या. अशा घरावर राहणाऱ्याचा हक्क नोंदवता येतो, आणि तो अर्ज मामलेदारापुढे चालतो. त्यांनी तो पूर्वीच केला होता. तो निकाली निघाला होता. आता भाटकाराच्या मुलांनी जमीन विकायला काढली होती, आणि पार्वतीबाईंना घर खाली करण्याचा कागद आला होता.

"अर्ज निकाली कोणी काढला?" बाबांनी विचारलं.

"तुमीच," त्या म्हणाल्या.

बाबांच्या हातातलं पेन थांबलं. मी आत जायला उठले होते, तशीच उभी राहिले.

"मग माझ्याकडे कशी आलीस?"

"बंद कसो केलास ता तुमकाच म्हायत. म्हणजे उघडूचो कसो ताय तुमकाच म्हायत असतला." त्या हसत नव्हत्या. टोमणाही नव्हता त्यात. कुलूप बिघडल्यावर ते बसवणाऱ्याकडेच जावं, इतकं ते सरळ होतं.

कागद पाहिले. तीन तारखा, तिन्हीला अर्जदार गैरहजर, सबब प्रकरण निकाली. खाली बाबांची सही, वळणदार.

"तिन्ही तारखांना होतीस खंय?"

"दारात."

"पुकारा झाला तेव्हा नव्हतीस."

"बस येय तेवा मी येय. शिपाय सांगी, तुजा झाला, आता फुडची तारीख."

बाबांनी कागद ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी उजाडताच स्कूटर काढून ते त्या गावी गेले, स्कूटर देवळापाशी ठेवली आणि गावातून निघणाऱ्या पहिल्या बसमध्ये बसले. बस सगळ्या वाड्यांवर थांबत गेली. तालुक्याच्या ठिकाणी ते उतरले तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मंगळवारी पुन्हा गेले. गुरुवारी पुन्हा. तेवढीच वीस मिनिटं.

त्या कचेरीत बाबांच्या आधीचे आणि नंतरचे सगळे साहेब अकराच्या पुढे यायचे. गावाच्या सवयीत कचेरी म्हणजे अकरा. फक्त बाबांच्या काळात ती दहाला सुरू झाली, आणि त्या गावाची पहिली बस त्यात बसत नव्हती. नोटिशीत 'सकाळी दहा' होतं, म्हणून त्यांनी दहालाच पुकारलं. त्या रविवारी वहीत एकच ओळ होती: 'बस वेळेवर होती. मीही.' ती टाइप करायला मला फार वेळ लागला.

त्यांनी प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज लिहिला. त्यासोबत स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडायचं ठरवलं, की चूक अर्जदाराची नव्हती, आपण पुकाऱ्याची वेळ ठरवताना बस पाहिली नाही. आई प्रथमच त्यांच्याशी मोठ्याने बोलली. "उभ्या जन्मात कोणी बोट दाखवलं नाही, आता स्वतःच दाखवताय? अर्ज द्या की नुसता!"

"नुसतो दिलो तर उशीर तिचो धरतले," बाबा म्हणाले. "उशीर माजो आसा."

या अर्जाच्या पहिल्या तारखेला आताचे साहेब निवडणुकीच्या कामावर होते. दुसरीला भाटकाराच्या वकिलाने मुदत मागितली. तिसरी तारीख देताना साहेबांनी बजावलं, आता जो हजर नसेल त्याच्या विरुद्ध जाईल. ती तारीख म्हणजे माझ्या विमानाचा शुक्रवार.

तिकीट बदलता आलं नसतं, आणि बदलावं असं कुणी म्हणालंही नाही. जेवताना बाबांनी ताटाकडे बघत सांगितलं, "तुका सोडूक आई आसा, दादा आसा. तिका मी एकटोच." मी मान हलवली. मला म्हणायचं होतं की ती कोण तुमची? मला म्हणायचं होतं की मी एकदाच जाणार आहे. मी भात कालवला. लाजाळू माणसाचा राग बाहेरून समजूतदारपणासारखा दिसतो, आणि घरचे त्यावर विश्वास ठेवतात.

त्या दिवशी कचेरीत काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही आईकडून, बरंचसं दादाकडून; त्यांना ते पार्वतीबाईंनी सांगितलं होतं. बाबा नऊपासून बाहेरच्या बाकावर बसले होते. आताचे साहेब पूर्वी त्यांच्याच हाताखाली अव्वल कारकून होते. त्यांनी शिपायाकरवी निरोप पाठवला, आत येऊन बसा. बाबा म्हणाले, "माझा पुकारा झाला की येतो." जुना शिपाई ऐकेना. "सायबानू, तुमी बाकार? माका लाज दिसता!" त्यावर पार्वतीबाई म्हणाल्या, "बसांदे रे. बाक काय चावता काय?" बाबा हसले म्हणे. चार वाजेपर्यंत दोघं तिथेच होती. पार्वतीबाईंनी आणलेली भाकरी दोघांनी खाल्ली.

बाबांचं प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं तेव्हा खोलीत कुणी मान वर केली नाही. मग भाटकाराचा वकील उठला. त्याच्याकडे खरा मुद्दा होता. नवरा गेल्यावर पार्वतीबाई बरीच वर्षं मुरगावला होत्या, बंदरातल्या कचेऱ्या झाडायच्या, तिथेच एका खोलीत राहायच्या. गावचं घर बंद. मग ही बाई तिथे राहते असं म्हणायचं कसं? घर सोडलंच होतं की तिने.

साहेबांनी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कामाक गेललंय. घर सोडून नाय. दर चवथीक येय, चुन्याचो हात मारी, गणपती बसय आनी परत जाय. घर सोडणारा माणूस कौलां बदलता काय?"

प्रकरण उघडलं. नंतर आणखी तारखा झाल्या, आणि शेवटी घर त्यांच्या नावे नोंदलं गेलं. बाबांनी मला फोनवर तो हुकूम वाचून दाखवला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जावक क्रमांकासकट. मी लॅबच्या जिन्यात उभी राहून ऐकला. 'कामानिमित्त अन्यत्र वास्तव्य म्हणजे गृहत्याग नव्हे,' असं त्यात होतं. तिथे बाबांनी खोकल्यासारखं केलं आणि पुढे वाचू लागले.

माझा राग कधी गेला ते सांगता येणार नाही. एक दिवस नदीकाठी ती पाठ दिसली आणि मी तिच्या मागे मागे बसपर्यंत गेले, एवढंच. धुक्यात बाबा खिडकीजवळ बसले होते, मांडीवर कागद, नऊच्या आत पोचायचं म्हणून जरा पुढे झुकून. आपल्याला ज्याने वाढवलं तो असा आहे, हे मला तिथे नीट दिसलं.

इथले लोक प्रेमळ आहेत. शेजारची आजी विचारते, घर सोडून किती वर्षं झाली? मी तिला सांगते की मी कामाला आले आहे. तिला वाटतं, मला प्रश्न कळला नाही.

वह्यांचं काम अजून चालू आहे. बाबा पानांचे फोटो पाठवतात, वाकडे, अर्ध्यावर अंगठा आलेला. मी शनिवारी टाइप करते. गेल्या महिन्यात त्या शुक्रवारचं पान आलं. सुनावणीचं सगळं कोरडं वर्णन, आणि तळाशी एक ओळ खोडलेली. खोडली होती, पण वाचता येत होती. 'आज मुलगी परदेशी गेली. मी गैरहजर. येथे नोंद करण्याचे कारण नाही, विषय प्रशासनाचा आहे.'

मी ती ओळ टाइप केली आणि पान परत पाठवलं. दुपारी फोन आला, तिकडे संध्याकाळ होत आली होती.

"ती ओळ काढ गो. खोडलेली आसा ती."

"नाय काढूचंय," मी म्हटलं.

"विषय वेगळो आसा."

"आसूंदे."

 मागे आई कुणाला तरी पाव घ्यायला हाक मारत होती. पाववाल्या पदेराचा भोंपू वाजला, लांब गेला. मग बाबांनी विचारलं, तिथे उजेड आहे का अजून. मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, हंगाय आसा थोडो.

गाव सोडताना मला वाटायचं, घर म्हणजे जिथे आपण असतो ती जागा, आणि नसलो की ते हळूहळू दुसऱ्या कुणाचं होतं. आता तसं वाटत नाही. माझी गैरहजेरी जिथे कुणीतरी नीट नोंदवून ठेवतं, आणि तरीही माझं प्रकरण निकाली काढत नाही, ते माझं घर.