नाखवांच्या बर्फाच्या वाट्या

घरात किती उकडतं, हे नाखवा बर्फावर जोखत. थर्मासमधून सारख्या आकाराचे खडे काढायचे, पंखे बंद करून प्रत्येक खोलीत स्टीलच्या वाटीत एकेक ठेवायचा आणि कोणता आधी विरघळतो ते बघत भिंतीला टेकून बसायचं, एवढीच त्यांची विद्या. माझ्याकडे एनर्जी ऑडिटरचं प्रमाणपत्र होतं, भिंतीवर रोखलं की तापमान दाखवणारं परदेशी यंत्र होतं. तरी लोक मला सोडून त्यांच्या वाट्यांभोवती जमत. मला ते बघवत नसे.

२०१०च्या आसपास पनवेलला एसटी स्टँडमागे आमच्या साहेबांचं छोटं ऑफिस होतं. इमारतींत वीज कुठे वाया जाते ते शोधून द्यायचं, हे आमचं काम. नाखवा उरणचे कोळी. उमेदीची वर्षं बर्फाच्या कारखान्यात आणि मासळीच्या पेट्या भरण्यात गेलेली. साहेबांनी त्यांना खरं तर शिडी धरायला ठेवलं होतं. महिन्याभरात साहेब माझ्यादेखत विचारू लागले, "नाखवा, तुम्हाला काय वाटतं?" नाखवांचं उत्तर ठरलेलं, "माज्या वाटन्याला काय किंमत हाय? बर्फ बोलंल ते खरं." घरोघरच्या बायका यावर खूश. नाखवांना आल्याचा चहा मिळे, मला मात्र "मीटर रीडिंगला आलात का?" असा प्रश्न.

करंजाड्याच्या एका सोसायटीत वरच्या मजल्यावरचे लोक उन्हाळ्यात हैराण झाले होते. दिवसभर एसी चालू, तरी घाम. मी चार दिवस मोजमापं घेऊन लिहिलं, एसी जुने झालेत, बदला. नाखवा शिडी खाली ठेवत सेक्रेटरींसमोरच म्हणाले, "एसीचा दोष नाय, सायेब. गच्ची तापते. नवीन लावलं तरी उकाडा तसाच ऱ्हाईल." साहेब म्हणाले, लावा वाट्या. एक गच्चीखालच्या चौथ्या मजल्यावर, एक दुसऱ्या. दोष गच्चीचा असेल तर वरचा बर्फ आधी जायला हवा. म्हणजे आता अहवाल माझा जाणार की शिडी धरणाऱ्याचा, ते दोन वाट्यांवर ठरणार होतं.

पुढचं सांगायला आजही लाज वाटते. दुसऱ्या मजल्यावर काही वेळ मी एकटाच होतो. स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ घेऊन मी त्या बर्फावर टाकलं. तो वरच्याच्या आधीच बघता बघता गेला. सगळे खाली आले आणि साहेब नाखवांकडे बघू लागले. नाखवांनी वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. बर्फ आणि मिठात जन्म काढलेला माणूस तो. माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि साहेबांना म्हणाले, "वाटी मीच नीट धुतली नाय. परत लावतो."

परत लावल्या, तेव्हा वरचा बर्फ कितीतरी आधी गेला. गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा रंग लागला आणि वरच्या मजल्यावरचे दुपारचे एसी बंद झाले. अहवालावर साहेबांनी नाखवांचं नाव माझ्या नावाच्या वर घातलं. मी त्यांच्या उपकाराखाली दबायला हवं होतं, पण मी आणखीच जळलो. हुशारीत हरलो होतोच, आता चांगुलपणातही हरलो होतो.

दोनेक वर्षांनी त्यांचे गुडघे धरले आणि ते आपटा गावी मुलीकडे राहायला निघाले. मी स्टँडवर सोडायला गेलो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलं, "नाखवा, तेव्हा साहेबांना का सांगितलं नाहीत?"

"सांगून काय करू? तुमाला काढलं असतं, मंग लिवलं कोनी असतं?" बस लागली, तसे ते पिशवी उचलून उठले. "मला लिवाय-वाचाय येत नाय, सायेब. तुमी झरझर आकडे लिवायचे, तवा माज्याबी पोटात जळायचं. खोटं कशाला बोलू?"

बस गेली आणि मी ऑफिसकडे चालू लागलो. माझ्या मोजमापांच्या वह्या तीन वर्षं रोज त्यांच्याच पिशवीत असत. त्यातलं एक पानही कधी गहाळ झालं नव्हतं.