'फॉर द टाइम बीइंग'ऐवजी

मागच्या रविवारी तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलंत, "आजी, 'फॉर द टाइम बीइंग'ऐवजी दुसरं काय लिहिता येईल?" मी एका दमात तीन पर्याय सांगितले. ते मला इतके पाठ का आहेत, ते आज लिहिते.

चिंचवडच्या एका कंपनीत मी साहेबांची पत्रं आणि नोटिसा लिहीत असे. फाटकावर लागणारी नोटीस इंग्रजीत असायची. ती मी कामगारांना मराठीत वाचून दाखवायची, अशी तिथली रीतच पडली होती. कागदाकडे कोणी बघत नसे, सगळे माझ्या तोंडाकडे बघत.

एका उन्हाळ्यात गाड्यांच्या वायरिंगचा विभाग 'फॉर द टाइम बीइंग' बंद झाला. ऑर्डर कमी आहेत, साहेब म्हणाले. त्या विभागातल्या बायका दर एक तारखेला फाटकाशी येत आणि मी मुदतवाढ वाचून दाखवी. दुसऱ्या महिन्यात साहेब म्हणाले, "मॅडम, तेच शब्द परत नकोत, बायका धास्तावतात. तुमच्याकडे शब्दांना काय तोटा?" मला ते कौतुक वाटलं. मी 'टेम्पररिली' दिला. पुढे 'फॉर द प्रेझेंट', मग 'अंटिल फर्दर नोटिस'.

आमच्या खालच्या मजल्यावरची लातूरकडची बाई त्याच विभागात होती. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. एकदा जिन्यात तिने मला थांबवलं.

"मॅडम, तळवड्याला पॅकिंगचं काम मिळायलंय. पण तिकडं गेले तर इथली पर्मनंट नोकरी जाईल. घेऊ का थांबू?"

"थांब," मी म्हणाले. "तात्पुरतंच आहे. मीच लिहिलंय ना."

ती थांबली. तळवड्याची जागा भरली.

श्रावणात माझ्यासमोर एक पत्र टाइप करायला आलं. त्यावरून कळलं की वायरिंगची यंत्रं चाकणच्या नव्या शेडमध्ये केव्हाच बसली होती आणि त्यांवर कंत्राटी मुली दोन महिने काम करत होत्या. मी पत्र घेऊन साहेबांकडे गेले.

"खोटं कुठे लिहिलंय मॅडम?" ते चहा ढवळत म्हणाले. "पुढील नोटिशीपर्यंत म्हटलंय. पुढची नोटीस निघालीय का?"

माझी भाषा त्यांनी इतकी नीट वापरली होती, आणि मी ती आनंदाने हातात दिली होती. कित्येक दिवस मला राग फक्त त्यांचाच आला.

पत्र आलं त्याच संध्याकाळी मी खालच्या मजल्यावर जाऊन सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मी म्हणाले, "मलाही फसवलं गं. कागदावर तसंच होतं."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "कागदाला कुठं विचारलं होतं मी? तुम्हाला विचारलं होतं."

तिने मला बस म्हटलं नाही. मी थोडा वेळ दारातच उभी राहिले आणि वर आले.