स्थळप्रत

आमच्या घरात सामान टाकून द्यायचं खातं माझ्याकडे आहे. फौजी माणसाशी लग्न केलं की दर अडीच-तीन वर्षांनी घर खोक्यांत भरावं लागतं. मी त्यात इतकी तरबेज झाले आहे की वर्षभर न उघडलेली वस्तू न बघताच टाकते. नवरा नेमका उलटा. तो काळ्या पेट्यांवर नंबर रंगवतो आणि सामानाच्या यादीच्या तीन प्रती करतो: एक पेटीत, एक खिशात, एक माझ्या पर्समध्ये. त्या तीन प्रतींची मी पंधरा वर्षं मनसोक्त टिंगल केली.

त्याची बदली बबीनाच्या छावणीत झाली तेव्हा मुलीच्या शाळेसाठी आम्ही जवळच्या झाशीत, नगरा भागात भाड्याने घर घेतलं. त्याच हिवाळ्यात तिकडे कराडला माझी आई वारली. दिवसभर हिंदीत बोलून संध्याकाळी आईशी फोनवर मराठीत बोलायची मला सवय होती. त्या वेळेचं काय करायचं ते कळेना, म्हणून मी तिच्याबद्दल लिहायला बसले. दोन वर्षांत अकरा प्रकरणं झाली. लॅपटॉपवर लिहायचं, ते आपोआप क्लाउडवर जायचं आणि फोनवरही दिसायचं. भाजी निवडता निवडता कालचा परिच्छेद वाचता यायचा, याचं मला भारी कौतुक होतं.

बाबांना मात्र त्यातलं काही पटत नव्हतं. ते पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. "मला कागदावर पाठव, आणि मोठ्या अक्षरात," असा त्यांचा हुकूम. म्हणून प्रकरण पूर्ण झालं की मी पेन ड्राइव्ह घेऊन दतिया गेटजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचे. दुकानदार अक्षर मोठं करून प्रिंट काढायचा आणि मराठी अर्धंमुर्धं कळत असूनही एखादं पान मोठ्याने वाचायचा. आपलं लिखाण कुणी तरी ढापेल, ही माझी भीती. त्यामुळे मी त्याला माझ्या देखत फाइल पुसायला लावायचे आणि घरी येऊन पेन ड्राइव्हही साफ करायचे. मग स्पीड पोस्ट. आठवड्याने बाबांचा फोन यायचा: "पान चार. तुझ्या आईने कोथिंबीर कधी विकत आणली नाही. परसात होती. दुरुस्ती कर."

अशी दहा प्रकरणं गेली. अकरावं मी पाठवलं नाही. ते आईच्या दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांचं होतं. बाबांनी ते रिकाम्या घरात एकट्याने वाचावं, हे मला सहन होईना. पुस्तक छापून आलं की बघू, असं मी ठरवून टाकलं.

यंदा पुन्हा बदलीची ऑर्डर आली आणि मी पदर खोचला. कपाटं झाली, माळा झाला, मग फोन हातात घेतला. जागा शिल्लक नाही म्हणून तो महिनाभर कुरकुरत होता. लिखाणाचं फोल्डर दिसलं. लॅपटॉपवर आहे, क्लाउडवर आहे, मग इथे कशाला, म्हणून उडवलं. नक्की ना, असं फोनने विचारलंसुद्धा. पाठोपाठ त्यातली कचरापेटीही रिकामी केली, कारण भरलेली कचरापेटी मला बघवत नाही.

चार दिवसांनी दुपारी लॅपटॉप उघडला तर फोल्डर नाही. क्लाउडवरही नाही. मुलीने पाच मिनिटांत निदान केलं.

"आई, सिंक म्हणजे सगळीकडे तेच दिसतं. तू फोनवर डिलीट केलं, तर सगळीकडून जाणारच ना. और ट्रॅश भी खाली कर दिया तूने?"

मी मान डोलावली.

"फिर तो गया," ती म्हणाली.

मला फोनचा राग आला, क्लाउडचा आला, आणि मुलगी बरोबर बोलत होती म्हणून तिचाही आला. नवरा संध्याकाळी आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तीन प्रतींबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्याचा सगळ्यात जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे गेले. "भैया, कहीं तो बची होगी कोई फाइल?"

"दीदी, आप ही तो सामने बैठकर मिटवाती थीं। हर बार।" त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. "वो धनिया वाला पन्ना बढ़िया था," तो म्हणाला.

कोथिंबिरीचं पान म्हटल्यावर मला बाबा आठवले. तिथूनच फोन लावला. "बाबा, मी पाठवलेली प्रकरणं आहेत का हो?"

"आहेत म्हणजे? फाइलला लावली आहेत. क्रमांक टाकून."

मी दुकानातच रडले. मग डोळे पुसून म्हटलं, "सगळी कुरिअरने पाठवता?"

"अस्सल कागद मिळणार नाहीत. माझ्या दृष्टीने ती आता स्थळप्रत आहे. स्थळप्रत ऑफिसच्या बाहेर जात नाही. झेरॉक्स पाठवतो."

जन्मभर सरकारी पत्रांची एकेक प्रत ऑफिसात जपून ठेवलेला माणूस. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आठ दिवसांनी पाकीट आलं, समासात बाबांच्या बारीक अक्षरातल्या दुरुस्त्यांसकट. मी सगळं पुन्हा टाइप केलं. आता ते लॅपटॉपवर आहे, कशालाही न जोडलेल्या एका हार्ड डिस्कवर आहे, आणि छापील गठ्ठा नऊ नंबरच्या काळ्या पेटीत आहे. नवऱ्याने सामानाच्या यादीत तो मुकाट्याने लिहून घेतला.

रविवारी बाबांचा फोन आला. "पोच दिली नाहीस."

"मिळाली. दहाच्या दहा."

"दहाव्यात तिला दवाखान्यात नेईपर्यंत आलं आहे. पुढचं कुठे आहे?"

आता लपवण्यात काही राम नव्हता. "पुढचं लिहिलं होतं बाबा. तुम्हाला त्रास होईल म्हणून पाठवलं नाही. ते गेलं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "दवाखान्यात मी होतो. तू दोनदा आलीस. कागद घे."

मी मुलीची रफ वही ओढली. ऑफिसातल्या टायपिस्टला सांगावं तसे ते सांगत होते, विरामचिन्हांसकट. खाटेचा नंबर, खिडकीची दिशा, सकाळी येणारी नर्स. "तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, स्वल्पविराम, ये म्हणून झाशीला फोन केला का. केला, असं मी सांगितलं. पूर्णविराम." ते थांबले. "केला नव्हता. तुझ्या पोरीची परीक्षा चालू होती. तू धावत आली असतीस."

हे माझ्या अकराव्या प्रकरणात नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला की फोन ठेवून द्यावासा वाटला. आणि ते दोन वर्षं हे एकटेच घेऊन बसले होते, म्हणून रडूही आलं.

"लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं."

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "झालं की एक प्रत मला पाठव. मोठ्या अक्षरात."