पडवीतला ब्लूज क्लब

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अलिबागेत चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, दिनूकाका गेले." दुकानदार अक्षरांची पाटी दाखवून 'हे दिसतंय का' विचारत होता आणि मला काहीच दिसत नव्हतं. महिना उलटला, माझा राग अजून गेलेला नाही. माणसानं असं गुपचूप निघून जावं?

तरुणपणी दिनू, माझा लहानपणापासूनचा दोस्त, बोटीवर खलाशी होता. इंग्लंडच्या एका बंदरात बोट दुरुस्तीला लागली आणि हा पठ्ठ्या रोज संध्याकाळी एका दुकानाखालच्या तळघरात जाऊन बसू लागला. जेमतेम आमच्या पडवीएवढा क्लब. तिथे गोरी पोरं अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं, ब्लूज, वाजवायला शिकत. स्वतःच्या देशात कुणी विचारत नसलेले म्हातारे गवई तिथे येऊन गात आणि ही पोरं मान खाली घालून त्यांना साथ करत. "पुढे त्या पोरांनी मैदानंच्या मैदानं भरवली रे, पण गाणं जगलं ते त्या तळघरात," असं दिनू शंभरदा सांगे.

नोकरी सोडून दिवेआगरला आला तो रेकॉर्ड प्लेअर आणि गाण्याच्या तबकड्यांची पेटी घेऊनच. शनिवारी संध्याकाळी त्याच्या पडवीत क्लब भरे. नियम एकच, सुई उचलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. गडग्यापलीकडून लोक विचारत, "काय दिनूशेट, आज बी रडगानी हायत का?" हा म्हणे, "हायत, या रडायला." आणि खरंच येत. शब्द कुणाला कळत होते? पण समुद्रात नवरा गमावलेली एक कोळीण कोपऱ्यात बसून डोळे पुसायची...

मग ते वादळ आलं. वाडी आडवी झाली, छप्पर उडालं, पेटीत पाणी शिरलं. नुसत्या पुसून ठेवल्या असत्या तर तबकड्या वाचल्या असत्या. पण आम्ही दोघं पत्रे आणायला श्रीवर्धनला गेलो आणि इकडे त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, सगळ्या तबकड्या खळ्यात सुपारीशेजारी कडकडीत उन्हात वाळत घातल्या. ओलं झालं की उन्हात घालायचं, वाडीतल्या बाईला दुसरं काय सुचणार! येऊन बघतो तर एकूण एक तबकडी पापडासारखी वाकडी. वहिनी घामाघूम, पण खुशीत. "बघा, एकही टाकली नाही हो!" दिनूनं एक उचलून पाहिली. "बरं केलंस," म्हणाला. मग मला बाजूला घेऊन, "पाण्यानं वाकल्या म्हणायचं, बाळ्या. हिला कळता कामा नये."

क्लब बंद पडला तो पडलाच. शनिवारी दिनू पडवीत एकटा बसे, काही न लावता. नवीन तबकड्या आणू म्हटलं तर हात जोडी. मी काही करू शकलो नाही. कुणीच काही करू शकलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी फडक्यात गुंडाळलेली एक तबकडी आणली. "भावजी, एवढी लावा. पडवी खायला उठते." मी सुई टेकवणार इतक्यात त्यांनी विचारलं, "ह्या खरंच पाण्यानं बिघडल्या का हो? मी तर सगळ्या पुसून, नीट वाळवून..."

"आधी ऐकू या," मी म्हटलं.

सुई चढत होती, उतरत होती, म्हातारा गवई गचके खात गात होता. नियमाप्रमाणे वहिनी गप्प, डोळे माझ्यावर. गाणं संपलं. तबकडी नुसती फिरत राहिली, खर्र खर्र...

मी सुई उचलली नाही.