जितेपणीची तेरवी

आमच्या आजोबांच्या तेरवीला गावानं बुंदीचे लाडू खाल्ले आणि आमच्या गोठ्यातली बैलजोडी गेली. पंगत उठली, पत्रावळी उकिरड्यावर गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ दुसऱ्याच्या घरी सालावर राबणारे गडी, सालदार म्हणून राहिले. जानेफळपासून कोसभरावरच्या आमच्या गावात तेव्हा हीच रीत होती. माणूस मेला की घराला तेराव्या दिवशी पुन्हा एकदा मरावं लागे. मग भलेही मागची पोरंबाळं वर्षभर नुसत्या कण्या खावोत.

त्या थोरल्या भावाला आम्ही मोठेबा म्हणायचो. पुढे सगळं गावच म्हणू लागलं. दोघा भावांनी सालदारकी करून हळूहळू पुन्हा बैल घेतले आणि ओढ्याकाठचं वावर नांगराखाली आणलं. मोठेबांची बायको लग्नानंतर लवकरच पटकीत गेली होती. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न करा म्हटलं की ते माझ्याकडे बोट दाखवत, "हा हाय ना. अजून कायले पायजे?"

एवढा हसतमुख माणूस, पण त्यांचा आवडता विषय एकच: आपलं मरण. गोठ्याच्या वळचणीला त्यांनी बाभळीची लाकडं रचून ठेवली होती. शेजारी गोवऱ्यांची रास. पावसाळा आला की तिच्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचे भारे टाकायचे. तिकडून जाणारा कोणी हटकायचाच, "काय मोठेबा, तयारी झाली वाटते?"

"हाव. सारं झालं. आता फक्त मरनं बाकी हाय."

तिरडीचे बांबू तोडून आणले तेव्हा ते आपल्या उंचीला पुरतात की नाही हे पाहायला मोठेबा भर दुपारी अंगणात आडवे झाले. आई त्यांच्याशी समोरासमोर बोलत नसे. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायची रीतच नव्हती. तिनं पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून मला म्हणाली, "बापू, तुह्या मोठेबाले सांग, भरल्या घरात असं आंग टाकू नका म्हनाव. लेकुरवाळं घर हाय."

मोठेबांनी पडल्यापडल्याच उत्तर दिलं, "बापू, तुह्या मायले सांग, मेल्यावर मले मोजता येनार नाई. बांबू आखूड निघाला तं पाय लोंबतीन, न् लोक तिलेच हासतीन."

आई भिंतीला टेकून हसली. ते मी पाहिलं.

मी मराठी चौथी पास झालो त्या वर्षी ज्वारी चांगली आली होती. तेव्हाच त्यांच्या मनात ती गोष्ट आली. वडिलांना म्हणाले, "आपल्या बापाची तेरवी जोडी खाऊन गेली. माही तेरवी या पोराचं वावर खाईन. त्यापेक्षा मी जितेपनीच करून टाकतो. घरचे गहू, मळ्यातले वांगे. कोनाच्या दारात जायची गरज नाई."

वडील मुळात भित्रे. "दादा, लोक काय म्हनतीन?"

"काय म्हनतीन? जेवतीन न् जातीन."

जोशीबुवांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग पोथी पाहून म्हणाले, निपुत्रिकाला जितेपणीच स्वतःचं श्राद्ध करून घेण्याची सोय शास्त्रात आहे. झालं. मोठेबा स्वतः घरोघर आवतण द्यायला निघाले. "परवा माही तेरवी हाय. सहकुटुंब येजा." पाटलांनी ओट्यावरून विचारलं, "मेल्याबिगर तेरवी कशी होते बे?"

"पाटील, मेल्यावर मी पाहू कसा, कोन जेवलं न् कोन रुसलं?"

बुंदीचा लाडू नाही म्हणून गावात कुजबुज झाली. कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण, एवढाच बेत होता. रोडगे भाजायला गोवऱ्या कमी पडल्या तेव्हा मोठेबांनी सरणाच्या राशीतल्याच काढून दिल्या. बायका हात लावेनात. "लावा वं," ते म्हणाले, "माह्याच हायेत. मी काही म्हनत नाई, तुम्ही कायले भेता?"

खरा घोटाळा झाला तो आमच्या आत्याच्या बाबतीत. आत्या बीबी गावाला दिलेली. तिच्याकडे निरोप गेला तो एवढाच की मोठ्याची तेरवी आहे, ये. ती बिचारी रडत-रडत बैलगाडीत बसली आणि गावच्या शिवेवर उतरून रीतीप्रमाणे हेल काढत पायी आली. "दादा रे माह्या, मले शेवटचं तोंडही नाई दाखवलं रे!" तिचं ऐकून आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी सवयीनं तिच्या गळ्यात पडल्या आणि त्याही रडू लागल्या. कशासाठी, ते कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही. तेवढ्यात मोठेबा पाण्याचा गडवा घेऊन समोर उभे राहिले.

"ऊठ बाई. तोंड धू. तुह्यासाठी तुपातला रोडगा राखून ठेवला."

आत्याचा हेल गळ्यातच अडकला. ती दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर बुक्के मारू लागली. "मुडद्या! मुडद्या! माहा जीव गेला असता ना!"

"अवं, तेरवी जित्याचाच जीव घेते, तेच तं सांगून राह्यलो साऱ्याईले," मोठेबा म्हणाले, "पन कोनी आयकत नाई." त्या दिवशी पंगतीत ते स्वतः वाढायला होते. ताटाताटाशी वाकून आग्रह करत होते, "घ्या अजून एक. मेलेल्याच्या जिवाले बरं वाटीन."

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, आणि मजेत जगले. मेलेल्या माणसाला कोणाची भीती, असं त्यांचं एक नवंच शास्त्र झालं. पारावर कोणी खोटं बोलला की सगळ्यांदेखत तोंडावर सांगत. तो चिडला की म्हणत, "मले काय करतं? माही तेरवी झाली." लग्नाकार्यात मात्र काही घरं त्यांना टाळू लागली. तेरवी झालेला माणूस अक्षता टाकायला नको, म्हणत. ते मांडवाच्या बाहेर, बैलांजवळ जाऊन बसत. वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी बैलाची पाठ खाजवली. मग म्हणाले, "वाटते. पन वावरात उभा राह्यलो का जाते."

आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. बुलढाण्याला मॅट्रिक झाल्यावर मी नागपूरच्या कॉलेजात नाव घातलं. घराण्यात सही करता येणारा मी पहिलाच होतो, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. खामगावच्या मोटारीत मला बसवायला मोठेबा आले होते. माझी वळकटी टपावर चढवून म्हणाले, "एक सांगतो. मी गेलो न् तुही परीक्षा असली, तं यायचं नाई. मेलेल्याले दुसऱ्यांदा पाहून काय करतं?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. मोटार सुटेपर्यंत ते काही पुन्हा माझ्याकडे वळले नाहीत.

माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, ज्वारी खळ्यावर आली तेव्हा ते गेले. दुपारी जेवून खळ्यातच कलंडले. मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. लाकडं त्यांचीच, गोवऱ्या त्यांच्याच, आणि बांबू बरोबर पुरले, असं वडिलांनी मला सांगितलं.

त्याच संध्याकाळी पाटील चार जाणत्यांना घेऊन ओसरीवर आले. बसले, पान घेतलं, आणि म्हणाले, "मंग, तेरवीचं काय ठरवलं?"

"झाली ना," वडील म्हणाले.

"ते तं हासन्या-खेळन्याचं होतं. आता खरी करा. बुंदीची करा. पोरगं नागपुरात शिकते तुमचं, रोडग्यावर भागवता काय? अन् त्याच्या बहिनीचं लगन हाय यंदा घरात. पंगत नाई दिली, तं मांडवात कोन येईन, इचार करा."

वडिलांची नजर माझ्याकडे आली. तिचा अर्थ मला कळला. पंगत म्हणजे ओढ्याकाठचं वावर विकणं. कॉलेजात शिकलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, पण वडिलांनी हातानंच मला थांबवलं. हा माणूस पाटलांसमोर कधी मान वर करून बोललेला मी पाहिला नव्हता.

"पाटील," ते म्हणाले, "बापाच्या तेरवीले मी गप होतो. दादा बोलीन, असं वाटे. तोही गप राह्यला, न् आम्ही दोघं तुमच्याच घरी सालदार लागलो. नंतर दादानं आपल्या जिवाचं अन्न तुमच्या पानात वाढलं. तुम्ही खाल्लं, वरून तूप मांगून घेतलं. मंग त्याले मांडवाच्या बाहेर बसवलं, मेलेला म्हनून. तवा तेरवी खरी होती. आज खोटी झाली काय?"

वडिलांनी पानाचा डबा मिटला.

"येनार असान लग्नाले तं या. पन माहा भाऊ एकदाच मेला. त्याची तेरवी एकदाच होईन."

पाटील उठले, जोडे घातले आणि गेले. त्यांच्या मागून बाकीचेही गेले. जाता जाता त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

बहिणीच्या लग्नाला पाटलांकडचं कोणी आलं नाही. बाकी गाव आलं. पुढच्या सालापासून गावातल्या दोन-तीन घरांनी तेरवीला रोडगे केले आणि कोणी काही म्हटलं नाही.

वावर विकलं नाही. त्याच उन्हाळ्यात मी बी.ए. पास झालो. आमच्या गावातला मी पहिला.